तुम्ही विचारलंत म्हणून: नाण्यावर माझं अक्षर का नाही

लग्नात भेटा, रांगेत भेटा, मी टांकसाळीत चीफ एनग्रेव्हर, म्हणजे नाण्यांचे ठसे कोरणाऱ्यांचा मुख्य, होतो म्हटलं की समोरचा खिशातून नाणं काढतो, डोळ्याजवळ नेतो आणि विचारतो, तुमची सही कुठंय हो यावर? माझं उत्तर ठरलेलं. नाणं देशाचं असतं, कारागिराचं नसतं. लोकांना आवडतं ते. मलाही इतकी वर्षं आवडत होतं.

पण ते खोटं आहे. वाक्य बरोबर असेल, माझ्या तोंडी खोटं आहे.

सह्या करणारे होतेच की. 1840 च्या काही रुपयांवर राणी व्हिक्टोरियाच्या चेहऱ्याखाली, मान जिथे कापल्यासारखी संपते तिथे, विल्यम वायनची डब्ल्यू डब्ल्यू आहेत. अमेरिकेत 1909 च्या लिंकन सेंटवर, म्हणजे एक सेंटच्या नाण्यावर, व्हिक्टर ब्रेनरने आपल्या नावाची तीन अक्षरं टाकली, ओरड झाली, काही दिवसांतच काढली, मग 1918 मध्ये गुपचूप खांद्याच्या कडेला परत आली. 1946 च्या डाइमवर, म्हणजे दहा सेंटच्या नाण्यावर, तिथले चीफ एनग्रेव्हर जॉन सिनॉकचं जे एस होतं तर लोकांनी त्यात जोसेफ स्टालिन शोधला! हे सगळं मला पाठ होतं, तरी मी केलंच.

एका नाण्यावरच्या चेहऱ्याचं काम होतं. प्लास्टरचं मॉडेल ताटाएवढं, त्यात कानामागच्या बटांमध्ये मी माझ्या आडनावाचं पहिलं अक्षर बसवलं, असं की केसच वाटावा. मॉडेल लहान करणाऱ्या रिडक्शन मशीनवर ते नाण्याच्या मापाच्या पोलादी हबवर, म्हणजे मूळ ठशावर, उतरलं, हबवरून डाय, म्हणजे नाणं छापायचा साचा, दाबली, ट्रायलची नाणी पडली. मग मीटिंगमध्ये ट्रायलचा मोठा केलेला फोटो स्क्रीनवर आला आणि एक साहेब, ज्यांना नाण्यातलं फारसं कळत नव्हतं हे मला आजही सांगावंसं वाटतं, त्यांनी नेमकं तिथे बोट ठेवलं. "हे काय आहे? डायला चीर गेलीय का?"

रागाने नाही विचारलं. सही करायची नाही असा कुठला लेखी नियमही मला कुणी दाखवला नव्हता. "माझं अक्षर आहे साहेब" एवढंच म्हणायचं होतं, फार तर नको म्हणाले असते.

मी म्हणालो, "हो, दोष दिसतोय. काढून टाकतो."

आता तांत्रिक भाग, पण याच्याशिवाय कळणार नाही. डायवर अक्षर खोल असतं, पोलादातला खड्डा काही बुजवता येत नाही, म्हणून मागे हबवर जावं लागतं, तिथे तेच अक्षर नाण्यासारखं उठावदार उभं असतं. हब भट्टीत नरम करून घेतला, भिंगाखाली धरला आणि कोरणीने अक्षर छिललं. तिथे केसांच्या दोन रेघा परत ओढायच्या होत्या पण हात चालेना, एकच ओढली. मग हब पुन्हा कडक केला, नवीन डाय दाबली. ट्रायलचे नग मोजून वितळवायला गेले. रजिस्टरमध्ये नोंद माझ्याच अक्षरात आहे: केसांत दोष, दुरुस्त.

तेव्हाचा मी म्हणतो, अरे नोकरी होती, चीफ होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि न विचारता टाकलं होतंस ही चोरीच की. बरोबर आहे बाबा. पण मग टाकलंस कशाला? आणि टाकलंस तर दोष का म्हणालास? यावर तो गप्प बसतो. कधी कधी उलट मलाच विचारतो, त्यानंतर एवढी वर्षं खुर्चीत होतास, मग तू का नाही टाकलंस? विचारून टाकायचं होतंस! यावर मी गप्प.

तर सही नाही. पण तुमच्याकडे त्या नाण्यातलं कोरं करकरीत एखादं असेल तर भिंग घ्या आणि कानामागे बघा, बटांमध्ये एका केसाची जागा सपाट आहे. वापरलेलं असेल तर राहू द्या, त्यावरचे सगळेच केस झिजलेले असतात.