खापरपणजोबांचा माग

बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात आजही नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. सगळे भाऊ आपापल्या थोरल्या मुलाला तेच नाव देत, त्यामुळे एका पिढीत एकाच नावाचे तीन चुलतभाऊ सापडतात आणि केवळ नावावर विसंबले तर खापरपणजोबांच्या जागी त्यांचा चुलतभाऊ येऊन बसतो. म्हणून माझे ठाम मत असे झाले आहे की, आपल्याकडे पूर्वज शोधायचा तर आधी त्याची जमीन शोधावी.

जमिनीचा माग मात्र सरळ नाही. आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो. तो जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणानंतरचा, त्यामुळे प्रथम जुना सर्व्हे नंबर मिळवावा लागतो. त्या नंबरावरून 1954-55 चे खासरा पाहणी पत्रक, म्हणजे शेताचा कब्जा कोणाकडे होता याची नोंद, आणि त्याच्याही मागे निजामाच्या काळातील सेतवार, म्हणजे शेतवार जमिनीची नोंदवही, काढता येतो. मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने तिथले त्या काळातले पुष्कळ महसुली कागद उर्दूत आहेत, आणि घरातली जुनी खतपत्रे बहुधा मोडीत. सालही फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या महसुली वर्षाचे, असते. त्यात 590 मिळवले की इसवी सन येते, म्हणजे 1310 फसली हे 1900-01 चे साल. महिने आजूर, दै, बहमन अशा इराणी नावांचे. हे ठाऊक नसलेला माणूस कागद हातात येऊनही रिकामाच परततो. आमच्या सेतवाराची नक्कल गावातल्या एका वृद्ध मौलवींनी वाचून दाखवली. बापाच्या नावासह खापरपणजोबांची नोंद ऐकली तेव्हा मला फार भरून आले, कारण त्या एका ओळीने आमची वंशावळ आणखी एक पिढी मागे नेली.

या कागदांत खापरपणजी मात्र कुठेच नाही. जमीन पुरुषाच्या नावे, वारस मुलगे, आणि घरात लिहून ठेवलेल्या वंशावळीतही लेकीसुनांना जागा नाही. ही उणीव मला मोठी वाटते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेला आलेल्या कुळांच्या नामावळ्या पिढ्यानपिढ्या जपलेल्या असतात आणि त्यांत सोबत आलेल्या आईची, पत्नीची नावेही आढळतात. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्ये चोपडी काढतात. आता तिथे जाऊन खापरपणजीचे नाव विचारायचे आहे, आणि जमल्यास तिचे माहेरही.