काकांच्या प्रेसमधली हार्डडिस्क एसएसडीवर उतरवली, माझा अनुभव

काकांचं ठाण्याच्या नौपाड्यात लग्नपत्रिका छपाईचं छोटं दुकान आहे. तिथला कॉम्प्युटर म्हणजे विंडोज सेव्हनवाला जुना डेस्कटॉप, नेट नाही, फक्त डिझाइनचं कोरलड्रॉ, मराठी फॉन्टचं श्रीलिपी आणि वर्षानुवर्षांच्या पत्रिकांच्या फाइली. चालू व्हायलाच सहा-सात मिनिटं. तुळशीची लग्नं झाली की मुहूर्त सुरू, म्हणजे ऑर्डरी दिवाळीच्या आधीपासूनच यायला लागतात, त्यामुळे दसऱ्याच्या आधी काका म्हणाले, "अरे, याचं काहीतरी कर बाबा, गिऱ्हाईक समोर उभं आणि हा आपला नुसता गरगरतोय." नवीन विंडोज टाकून उपयोग नव्हता, जुन्या सॉफ्टवेअरच्या सीड्या कुठे गेल्या कोणालाच माहीत नाही. म्हणजे जे आहे ते जसंच्या तसं, ब्लॉक बाय ब्लॉक, एसएसडीवर, म्हणजे फिरती चकती नसलेल्या वेगवान डिस्कवर, उतरवायचं. हे काम लिनक्समधली डीडी नावाची कमांड करते. मी कळव्याला राहतो, रविवारी सकाळीच उबुंटू लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता त्यावरूनच चालतो) घेऊन दुकानात गेलो.

आधी पत्रिकांचं सगळं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घेतलं, ते झाल्याशिवाय पुढे हातच लावला नाही. मग स्मार्टसीटीएल या कमांडने हार्डडिस्कची तब्येत बघितली, ५ नंबर आणि १९७ नंबर, म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कचे छोटे कप्पे) आणि अडकलेले सेक्टर, दोन्ही शून्य. इथे आकडा दिसला असता तर डीडी वापरलंच नसतं, अशा डिस्कसाठी डीडीरेस्क्यू असतं.

पहिली अडचण साइझची. हार्डडिस्क ५०० जीबीची आणि मी आणलेली एसएसडी ४८० ची. एलएसबीएलके, म्हणजे डिस्कांची यादी दाखवणारी कमांड, मारलं की एक ४६५.८ दाखवतो आणि दुसरी ४४७.१, कारण तो १०२४ च्या हिशोबाने मोजतो. सेक्टरमध्ये बघितलं तर एकीकडे ९७,६७,७३,१६८ आणि दुसरीकडे ९३,७७,०३,०८८, म्हणजे सरळ २० जीबी कमी. नशिबाने डी ड्राइव्ह अर्ध्याहून रिकामा होता, म्हणून विंडोजमध्ये परत जाऊन डिस्क मॅनेजमेंटमधून डी ४० जीबीने आकसला. आता डिस्कच्या शेवटी मोकळी जागा, तिथलं काहीच न्यायची गरज नाही. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची होती म्हणून हे इतकं सरळ जमलं, नव्या जीपीटी पद्धतीची असती तर पार्टिशन टेबलची, म्हणजे डिस्कच्या भागांच्या नोंदीची, दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते, तिचं वेगळं बघावं लागलं असतं.

एसएसडी तेव्हा यूएसबी अडॅप्टरवर लावली होती, पुढच्या पोर्टला. म्हटलं आधी कोऱ्या एसएसडीवर थोडं लिहून बघू. डीडीने झीरोमधून, म्हणजे नुसती शून्यं, १ एमबीचे १००० ब्लॉक, किती झालं ते दिसावं म्हणून स्टेटस प्रोग्रेस लावून. पहिल्याच सेकंदाला ९०० एमबीच्या वर आकडा! आणि मग कर्सर तिथेच. अर्धा मिनिट काही नाही, फक्त अडॅप्टरचा लाइट लुकलुकतोय. तो पोर्ट यूएसबी २.० चा, म्हणजे ४८० मेगाबिट, कितीही केलं तरी सेकंदाला ६० एमबीच्या वर जाऊच शकत नाही, मग हे ९०० आले कुठून? तर ते रॅममध्ये गेले. लिनक्स डेटा आधी पेज कॅशमध्ये घेतो, डीडीला सांगतो झालं, आणि खरं लिखाण मागाहून चालतं. मग तेच ओफ्लॅग डायरेक्ट लावून मारलं, म्हणजे कॅश मधे न घेता थेट डिस्कवर, तर ३४-३५ एमबी. हा खरा आकडा. कॅशवाला आकडा बघून कोणी अडॅप्टर उपटला तर डेटा अर्धवट, आणि कळणार कधी, तर विंडोज चालू होत नाही तेव्हा.

३५ च्या स्पीडने चार तास गेले असते. म्हणून स्टेशनजवळून एक साटा केबल आणली, मशीन बंद करून एसएसडी सरळ मदरबोर्डला जोडली आणि परत उबुंटू चालू केलं.

आता जे झालं ते मुद्दाम नीट सांगतो. मी कमांड आधीच एका पत्रिकेच्या प्रूफच्या पाठीवर पेनाने लिहून ठेवली होती, आयएफला एसडीए, ओएफला एसडीबी (लिनक्स डिस्कना अशी नावं देतो, आधी एसडीए म्हणजे हार्डडिस्क होती). आयएफ म्हणजे कुठून, ओएफ म्हणजे कुठे. कागद बघून अक्षर न अक्षर टाइप केलं, एंटरवर बोट होतं, आणि काकांनी विचारलं, "यातली नवीन कुठली रे?" त्यांना दाखवायला म्हणून दुसऱ्या खिडकीत एलएसबीएलके मारलं. एसडीएच्या पुढे ४४७.१. मशीन बंद-चालू झालं, पोर्ट बदलला, तशी नावंही बदलली होती, आता एसडीए म्हणजे नवी एसएसडी आणि एसडीबी म्हणजे काकांची हार्डडिस्क. एंटर दाबलं असतं तर रिकामी एसएसडी भरलेल्या हार्डडिस्कवर उतरली असती. फाइली वाचल्या असत्या, पण कोरल, श्रीलिपी, सगळे फॉन्ट गेले असते. डीडी काही विचारत नाही, खात्री आहे का वगैरे काही नाही. माझे हात गार पडले होते. काकांना म्हटलं, "काका, दोन मिनिटं थांबा," आणि उठून पाणी प्यायलो.

कागद फाडला. मग एसडीए-एसडीबी ही नावं सोडूनच दिली, लिनक्सच्या डिस्क नावाच्या फोल्डरमध्ये बाय-आयडी म्हणून यादी असते तिथे प्रत्येक डिस्कचं नाव मॉडेल आणि सिरियल नंबरसकट असतं, ते कुठल्याही पोर्टला लावलं तरी बदलत नाही. एसएसडीच्या स्टिकरवरचा नंबर काकांनी चष्मा लावून मोठ्याने वाचला, मी स्क्रीनवर जुळवला, मग हार्डडिस्कचाही तसाच. ब्लॉक साइझ ४एम, काउंट १,१०,०००, म्हणजे ४६१ जीबी, ज्यात आकसलेला डी पूर्ण बसतो आणि एसएसडीच्या बाहेर जात नाही. शेवटी कन्व्ह एफसिंक, म्हणजे सगळं खरंच डिस्कवर उतरल्याशिवाय डीडी संपणार नाही. ब्लॉक साइझ दिली नाही तर डीडी ५१२ बाइटचे तुकडे करत बसतो, त्यात उगाच वेळ जातो. आणि आधी एसएसडी शून्यांनी पुसून काढा असं जे सांगतात ते करू नका, कोऱ्या एसएसडीला त्याची काही गरज नाही, उलट तिला वाटतं आपण पूर्ण भरलोय.

साधारण दीड तास लागला, कारण आता वेग जुन्या हार्डडिस्कच्या वाचण्यावर होता, एसएसडी तर वाट बघत बसलेली. तेवढ्यात वडापाव झाले. मग सीएमपी या कमांडने दोन्ही डिस्क तेवढ्याच बाइटपर्यंत ताडून बघितल्या, अजून दीड तास. काका म्हणाले, "झालं ना, मग आता कशाला?" म्हटलं राहू द्या, एकदा बघू. काहीच छापून आलं नाही, म्हणजे एकाही बाइटचा फरक नाही.

चालू करायच्या आधी जुन्या हार्डडिस्कची केबल काढली, दोन्हींची डिस्क सिग्नेचर, म्हणजे विंडोज डिस्क ओळखतो तो नंबर, एकच, सोबत ठेवल्या तर विंडोज गोंधळतो. बटण दाबलं आणि अर्ध्या मिनिटाच्या आत डेस्कटॉप समोर. काकांनी कोरल उघडलं, मागच्या वर्षीची एक पत्रिका काढली, 'श्री गणेशाय नमः' वरची मात्रा-वेलांटी जागच्या जागी आहे का ते झूम करून बघितलं आणि प्रिंट दिली. हार्डडिस्क प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवली, वर तारीख आणि सिरियल नंबर काकांच्या अक्षरात.