'पुणेहून गोवाला': विमानाच्या ॲपचं मराठी करताना आलेला अनुभव

मागच्या वर्षी एका विमान कंपनीची वेबसाइट आणि ॲप मराठीत करायचं काम मिळालं. नाव नाही सांगत, करारात तसं लिहिलंय. मी साताऱ्यात घरूनच काम करते, विमान पकडायचं तर पुण्याचं लोहगाव विमानतळ गाठायचं म्हंजे शंभरच्या वर किलोमीटर, त्यामुळं आमच्याकडं विमानप्रवास सुरू होतो तो एसटी स्टँडवरनं.

शीट आली, त्यात हजाराच्या वर ओळी. डावीकडं इंग्रजी, उजवीकडं कुणीतरी मशीनमधनं काढून चिकटवलेलं मराठी. तिकीट बुक करा ऐवजी 'आता पुस्तक करा'. मी म्हटलं हे काय मराठी झालं का, आणि पार दुसऱ्या टोकाला गेले, सगळं शुद्ध करत सुटले. बोर्डिंग पासला 'प्रवेशपत्र' लिहिलं आणि कौतुकानं बाबांना दाखवलं तर ते म्हणाले, "परीक्षा कधी आहे?" बरोबरच आहे, आपल्याकडं प्रवेशपत्र म्हंजे हॉल तिकीट. मग बोर्डिंग पास, वेब चेक-इन, गेट, पीएनआर सगळं गुपचूप जसंच्या तसं ठेवलं.

खरी डोकेदुखी वेगळीच निघाली. ७ किलोवाली बॅग एका स्क्रीनवर केबिन बॅग, दुसरीकडं हँड बॅगेज, मेलमध्ये कॅरी-ऑन. हे इंग्रजीतच तसं होतं, मराठीत त्याच्यात 'हातातले सामान' पण ॲड झालेलं. पहिल्यांदा जाणारा माणूस म्हणणार ह्या चार वेगवेगळ्या बॅगा आहेत. आणि पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालतच नाही, सोबतच्याच बॅगेत ठेवायची, मग तिथं नाव बदलून कसं चालेल? शेवटी एक यादी केली, एका गोष्टीला एकच शब्द, आणि सगळीकडं 'केबिन बॅग' केलं कारण काउंटरवरचा माणूसही तेच म्हणतो. ह्या यादीवर टीममध्ये जेवढी भांडणं झाली तेवढी पैशावरनं पण झाली नाहीत.

मग आलं शहरांच्या नावांचं. ॲपमध्ये वाक्य तयार असतं, मध्ये मोकळी जागा, तिथं शहर येऊन बसतं. इंग्रजीत काही बिघडत नाही. आपल्याकडं पुणेचं पुण्याहून होतं, गोवाचं गोव्याला, पण दिल्लीहून, मुंबईला मात्र सरळ. मशीनला कुठलं सामान्यरूप, त्यामुळं स्क्रीनवर 'पुणेहून गोवाला'. डेव्हलपर बंगळुरूचा, त्याला समजवायला अर्धा तास गेला, तो म्हणाला प्रत्येक शहराची चार-चार रूपं भरून दे. म्हटलं थांब. 'पुणे ते गोवा' लिही, शहराच्या नावाला धक्काच लागत नाही. प्रश्न मिटला.

एसटी स्टँडनं पण एक शब्द दिला. 'नॉन-स्टॉप' आणि 'डायरेक्ट' ह्या दोन्हीला शीटमध्ये 'थेट' होतं. पण डायरेक्ट विमान मध्ये कुठंतरी उतरू शकतं, फ्लाइट नंबर तोच राहतो एवढंच. नॉन-स्टॉप म्हंजे कुठंच उतरत नाही. ह्यात रोज सातारा-स्वारगेट करणाऱ्याला सांगायचं काय, बोर्डवरच लिहिलेलं असतंय की, विनाथांबा! एकजण म्हणाला फार एसटीसारखं वाटतं. म्हटलं वाटू दे, कळतंय ना.

चालत नाहीत अशा वस्तूंच्या यादीत 'कोप्रा' होतं आणि मराठीत झालेलं नारळ. आता नारळ वेगळा, सुकं खोबरं वेगळं. खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून विमानात ते धोकादायक मालात मोडतं, अख्ख्या ओल्या नारळाचं तसं नाही. आपल्याकडनं पोरांना खोबऱ्याच्या वाट्या पाठवणारे कमी नाहीत, म्हणून तिथं 'सुकं खोबरं, वाटी असो वा तुकडे' असं स्पष्ट लिहून घेतलं.

मेसेजचं तर विचारू नका. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०, त्यात काना-मात्रा पण वेगळी मोजतात. त्यापुढं गेलं की एकाचे दोन मेसेज. 'आपणास कळविण्यात येते की' ह्यातच २३ गेली! ते पहिलं उडवलं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो रात्री १२:४० नं. तिकिटावर शनिवार, रात्री १२:४०. आपण शनिवारची रात्र म्हंजे शनिवारी जेवण झाल्यानंतरची धरतो, आणि विमान तर शुक्रवारी झोपायच्या वेळेलाच निघून गेलेलं असतं. माझ्याच मावशीचं एकदा असं झालेलं, आठ जणांचं तिकीट, सगळे आदल्या दिवशी निवांत घरात. नुसतं 00:40 लिहून भागत नाही, ते वाचतंय कोण. म्हणून रात्री बारा ते चारच्या विमानांना वेगळी ओळ मागितली: 'शुक्रवारी रात्रीच विमानतळावर या. विमान १२:४० ला, म्हणजे शनिवार लागल्यावर.' तारखेचं लॉजिक बदलावं लागतंय म्हणून दीड महिना लटकलं, पण आलं एकदाचं.

एक गोष्ट मात्र राहिली. बॅग एकच घेतली तरी स्क्रीनवर '१ बॅगा' दिसतं. त्याची तक्रार, डेव्हलपर लोक तिलाही 'तिकीट'च म्हणतात, मी टाकलीय, अजून उघडीच आहे.