पलंगाखालच्या विटा

गर्भारपणात सांगितलेली सक्तीची विश्रांती डॉक्टरांच्या कागदावर एकीच्याच नावाने लिहिलेली असली, तरी ती पाळावी लागते सगळ्या घराला. दूध कोणीतरी तापवायचे असते, मोठ्या मुलीची वेणी कोणीतरी घालायची असते, सिलिंडरवाल्याला दार उघडायचे असते. आणि ज्या बाईने ही कामे आजवर कोणाला न विचारता केलेली असतात, तिने ती आता दुसऱ्यांच्या हातून, दुसऱ्यांच्या पद्धतीने होऊ द्यायची असतात. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत माझ्या गर्भाशयाच्या मुखाची लांबी 25 मिलिमीटरच्या खाली भरली, आणि मोठी मुलगी आठव्या महिन्यातच जन्मलेली असल्यामुळे डॉक्टरांनी फार विचार न करता सांगितले की पिशवीच्या तोंडाला टाका घालू आणि त्यानंतर घरी विश्रांती घ्यायची.

या टाक्याची पद्धत 1955 साली डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी मुंबईत काम करत असताना प्रसिद्ध केली आणि तिच्याबरोबर त्यांचे नाव जगभरच्या प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांत गेले. सुरुवातीला ते टाक्यासाठी रुग्णाच्याच मांडीतल्या स्नायूवरच्या आवरणाची पट्टी वापरत, हे वाचून मी नकळत मांडी चाचपून पाहिली. मला घातलेला टाका मात्र दोन वर्षांनंतर इयान मॅक्डोनाल्ड यांनी सांगितलेल्या सोप्या रीतीचा होता. बटव्याची नाडी ओढून गाठ मारावी, तसा धागा मुखाभोवती फिरवून आवळतात. हा तपशील सासूबाईंना मंजूर नव्हता. त्यांचे माहेर वेंगुर्ल्याकडचे, त्यामुळे टाका शिरोडकरांचा आणि शिरोडकर आपल्या शिरोड्याचे, असे त्या भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. डॉक्टर गोव्यातल्या शिरोड्याचे होते हे मी एकदा सुचवून पाहिले. पण मध्ये फक्त तेरेखोलची खाडी आहे, असे म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावण्याचा निर्णयही त्यांचाच होता. त्यांच्या वेळी तसेच करत, आणि पाय उंच राहिले की बाळाचा भार खाली येत नाही हे त्यांना इतके उघड वाटत होते की त्यावर चर्चा संभवतच नव्हती. डॉक्टर पुढच्या तपासणीला हसल्या आणि म्हणाल्या की विटांची गरज नाही. अंथरुणाला खिळून राहिल्याने अपुऱ्या दिवसांची प्रसूती टळते असा पुरावा अभ्यासांतून मिळालेला नाही, उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, स्नायू आणि हाडे क्षीण होतात. जड उचलू नका, फार वेळ उभ्या राहू नका, पण आंघोळीला जा, जेवायला टेबलाशी बसा, घरात थोड्या फिरा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. घरी आल्यावर त्याचा अर्थ असा लावण्यात आला की डॉक्टर वयाने लहान आहेत. विटा तशाच राहिल्या.

अंतराळात वजनरहित अवस्थेत शरीराचे काय होते हे जमिनीवरच तपासण्यासाठी संशोधक निरोगी माणसांना डोक्याकडून 6 अंश खाली कललेल्या खाटेवर आठवडेच्या आठवडे निजवून ठेवतात. जर्मनीतल्या कोलोन शहरात 2019 साली असा 60 दिवसांचा प्रयोग झाला, त्यात नासाही सहभागी होती. आमच्या विटांनी साधलेला उतार त्यापेक्षा फार वेगळा नसावा. फरक एवढाच की त्या स्वयंसेवकांना मानधन मिळते आणि त्यांच्या पोटात बाळ नसते. पाय उंच आणि डोके खाली ठेवून जेवण पचवण्याचा प्रयत्न गर्भारपणात ज्यांनी केला आहे, त्यांना छातीतली जळजळ वेगळी समजावून सांगायला नको. शेवटी त्या जळजळीनेच, डॉक्टरांच्या शब्दाने नव्हे, विटा निघाल्या.

पलंगावरून घर डोळ्यांना दिसत नाही, पण कानांना मात्र सगळे कळते. फोडणीत मोहरी तडतडण्याआधीच जिरे पडले, कुकरच्या शिट्ट्या कमी झाल्या, नवऱ्याने मिक्सरचे झाकण न दाबता बटण लावले, हे सारे आतल्या खोलीत ऐकू येते आणि जिभेवर आलेली सूचना गिळावी लागते. पहिल्या आठवड्यांत मी ती गिळत नसे. मग एके दिवशी नवरा दारात येऊन अगदी शांतपणे म्हणाला, “तू बोलत राहा, मी उभा राहून ऐकतो, पण मग आमटी तूच कर.” त्यानंतर आमटी जशी येईल तशी मी खाऊ लागले, आणि ती वाईट नसे.

त्याहून अवघड होते मागणे. पाण्याची बाटली, पुस्तक, चार्जर, पायाखालची उशी अशा क्षुल्लक गोष्टींसाठी दर वेळी हाक मारायची, म्हणजे आपण किती लागतो याची जाहीर नोंद करत राहायची. कोणी खोलीत आले की चार गोष्टी एकदम मागून घ्यायच्या, असा शहाणपणा मी शिकले. भीतीबद्दल मात्र कोणाकडे काही मागता येत नसे. न्हाणीघरात गेल्यावर आधी नजर कपड्यावर जाई आणि तिथे डाग नाही हे पाहून मगच श्वास सुटे. पोट जरा कडक झाले की घड्याळाकडे बघत डाव्या कुशीवर निमूट पडून राहायचे. भेटायला येणारे म्हणत, “मजा आहे बाई, नुसता आराम!” आणि लगेच आपल्या ओळखीतल्या कोणाचे तरी सातव्या महिन्यात काय झाले ते सांगत.

माझ्या नशिबाने ऑफिसचे काम घरून करता आले. 2017 सालच्या दुरुस्तीनंतर कायद्याने 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, पण त्यातले 8 आठवडेच प्रसूतीच्या आधी घेता येतात. गर्भारपणातल्या आजारासाठी आणखी महिनाभर मिळू शकतो. पाचव्या महिन्यापासून आडवे पडलेल्या बाईचा हिशेब यात बसत नाही, आणि ज्यांना रजाच नसते त्यांचा तर कशातच नाही. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी एकदा फरशी पुसता पुसता म्हणाल्या, “मला पण सांगितलं होतं हो ताई, झोपून राहा म्हणून. मी म्हटलं, पाच घरची भांडी काय डॉक्टर घासणार?” त्यांचे ते बाळ राहिले नाही, हे त्यांनी नंतर, कपडे वाळत घालताना सांगितले. त्या दिवसापासून मी पलंगाला कंटाळले असे त्यांच्यासमोर म्हणणे बंद केले.

28 आठवडे झाले तेव्हा डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा ताण कमी झाला, 34 झाले तेव्हा माझ्या. डोहाळजेवण पलंगावरच झाले. झोपाळा नाही, पण नणंदेने थर्माकोलचा चंद्र कापून उशाशी टेकवला होता आणि हिरव्या साडीच्या आत मी गाऊनच घातला होता. वाट्यांखाली पेढा-बर्फी ठेवली होती, मी उचललेल्या वाटीखाली बर्फी निघाली, आणि सासूबाईंनी दोन्ही वाट्या बदलून पुन्हा उचलायला लावले.

37 व्या आठवड्यात टाका काढला. धागा सुटला की बाळ त्याच दिवशी येणार अशा समजुतीने घरात बॅग भरलेली, शेजारच्या काकांची गाडी सांगून ठेवलेली. त्या दिवशी काही झाले नाही, त्या आठवड्यातही नाही. इतके महिने बाहेर यायची घाई करणारे बाळ आता जागचे हलेना. “अगं, नुसती पडून काय राहतेस,” सासूबाई म्हणाल्या, “ऊठ, जरा चाल, जिने चढ-उतर!” तेव्हा दुसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन येताना माझ्या पोटऱ्या अशा थरथरू लागल्या की मधल्या पायरीवर बसून दम घ्यावा लागला, आणि त्या कठड्याला धरून माझ्याबरोबर बसल्या.