रात्रभर स्टोव्ह धगता ठेवायचा तर

अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये जानेवारीत उणे वीस म्हणजे काही बातमी नाही, त्यामुळे लाकडाचा स्टोव्ह नवीन घेतलेल्या आपल्या मंडळींचा एकच प्रश्न असतो, रात्री गच्च भरलेला स्टोव्ह पहाटे गार का, आणि बहुतेकांनी त्यावर उपायही शोधलेला असतो की झोपताना हवेची झडप पार बंद. नका हो करू असं! हवा कोंडली की लाकूड जळत नाही, नुसतं धुमसतं, आणि तो धूर गार चिमणीत क्रिओसोट म्हणून चिकटतो, काळंकुट्ट डांबरट प्रकरण, कधीतरी तेच पेट घेतं.

खरी गोम लाकडात आहे. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. मीटर स्वस्तात मिळतं, पण बाहेरून टोचून काही कळत नाही, ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचायचं. ओक फोडून रचल्यावर दोन वर्षं तरी त्याच्याकडे बघायचं नाही, ॲश झाडाचं लाकूड त्यामानाने लवकर वाळतं. विकणारा "एकदम सुकं आहे" म्हणाला तरी मी मीटर काढतेच, राग आला तर येऊ दे.

झोपायच्या आधी हातात अर्धा-पाऊण तास ठेवा. निखारे दाराकडे ओढायचे, मागे जाड फोडी एकमेकींना चिकटवून रचायच्या, फटी कमी म्हणजे आग हळूहळू मागे सरकते. मग पंधरा-वीस मिनिटं हवा पूर्ण उघडी, लाकडं चांगली काळी पडून पेटली की झडप थोडी थोडी करत कमी, एकदम नाही. बाहेर जाऊन चिमणी बघा (हो, त्या थंडीत), दाट धूर दिसला तर घाई झाली. कॅटॅलिटिक स्टोव्ह (आतल्या खास जाळीत धूरही जाळणारा) असेल तर साधारण २६० सेल्सिअस गाठल्याशिवाय बायपास, म्हणजे धूर थेट चिमणीत सोडणारी झडप, बंद करू नका, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. स्टोव्हच्या दारात नोट अडकवून दार लावा आणि ओढा, सहज निघाली तर फटीतून हवा आत शिरतेय, दाराच्या कडेची हवाबंद दोरी बदलायला झालीय.

आणि सकाळी ज्वाळा दिसायलाच हव्यात असं काही नाही, राख उकरल्यावर लाल निखारे दिसले आणि चार काड्यांवर परत पेटलं की झालं. छोट्या स्टोव्हकडून दहा तास मागू नका, पोटच नाही त्याला तेवढं.

बेडरूमबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, चिमणी दरवर्षी तपासून घ्यायची. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घरापासून लांब, कारण आतले निखारे दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहतात. कागदी पिशवीत भरून डेकवर ठेवणारे लोक आहेत. लाकडी डेकवर!