कत्त, पूस, किसा : चार देश आणि एक मांजर

कोपनहेगनला पोचल्यावर पहिल्याच दुपारी मी मांजराच्या पिल्लाचं सँडविच मागितलं. म्हणजे मला हवं होतं चिकन. चिकनला डॅनिशमध्ये क्यूलिंग म्हणतात, आणि त्यांचा तो स्वर असा आहे की ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल करायचे आणि आतून ई म्हणायचं, माझे ओठ काही गोल झाले नाहीत आणि तोंडातून निघालं किलिंग. किलिंग म्हणजे मांजराचं पिल्लू. काउंटरवरची मुलगी एकदम गंभीर चेहरा करून म्हणाली, ते आम्ही ठेवत नाही, आणि मग जी हसत सुटली की मागचे दोघंही हसायला लागले. पुढचे तीन दिवस मी बोट दाखवून ऑर्डर दिली.

पण डोक्यात किडा वळवळायला लागला तो तिथूनच. मी खरं तर माल्मोला बहिणीकडे निघाले होते, दोन आठवड्यांची सुट्टी, कोपनहेगन-माल्मो-ऑस्लो आणि परतायच्या आधी आइसलँडचं रेक्याविक असा प्लॅन, त्यात मांजर कुठेच नव्हतं.

माल्मोला जायला समुद्रावरून ट्रेन जाते, २००० साली सुरू झालेला ओरेसुंद पूल, अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही दुसऱ्या देशात. बहिणीची मुलगी सहा वर्षांची, घरात मराठी, शाळेत स्वीडिश, आणि घरात एक गलेलठ्ठ भुरं मांजर, नाव लाडू. मी माझा किस्सा सांगितला तर तिला कळेचना की यात मांजर कुठून आलं, कारण स्वीडिशमध्ये किलिंग म्हणजे बकरीचं करडू! मांजराच्या पिल्लाला इथे कत्तउंगे म्हणतात, म्हणजे मांजराचं पोर, सरळ हिशोब. अर्ध्या तासाच्या अंतरावर पिल्लाचं करडू झालं. मी नंतर शोधलं तर दोन्ही शब्द वेगवेगळ्या मुळांचे निघाले, डॅनिश किलिंग जुन्या ‘केत्लिंग्र’ म्हणजे मांजराच्या पिल्लावरून घासत घासत आलाय आणि स्वीडिश वाला करडाच्या जुन्या शब्दावरून, शेवटी दिसायला सारखे झाले इतकंच.

मोठ्या मांजराला मात्र सगळीकडे एकच शब्द. डॅनिश कॅट, स्वीडिश आणि नॉर्वेजियन कत्त. मी कट्ट म्हणत होते तर भाची मला सारखी दुरुस्त करायची, “मावशी, ट नाही गं, त, त!” आणि ‘ते मांजर’ म्हणायचं असेल तर ‘ते’ पुढे लावत नाहीत, मागे चिकटवतात, कत्त चं कत्तेन. मला हे फार आवडलं, आपणही सगळं शब्दाच्या शेपटीलाच चिकटवतो की, मांजराने, मांजराला.

पण घरात कोणी लाडूला कत्त म्हणत नाही. किसे म्हणतात, लाडात आलं की किसेमिसे. भाचीने मला दाराआड नेऊन गुपित सांगितलं की शेजारच्या फिन्निश काकू मांजराला ‘किस्सा’ म्हणतात, आणि स्वीडिशमध्ये किस्सा म्हणजे शू करणे. हे सांगताना ती इतकी हसली की तिलाच किस्सा करायला पळावं लागलं. आता मराठीतला किस्सा वेगळाच, हे समजावण्याच्या भानगडीत मी पडले नाही.

रात्री लाडू मांडीवर घुरघुरत होता, भाची म्हणाली, लाडू स्पिनर. म्हणजे सूत काततोय! चरख्याचा आवाज. डॅनिशमध्येही मांजर सूतच कातते.

माल्मोहून गोथेनबर्गला जाणारी ट्रेन किनाऱ्याकिनाऱ्याने जाते आणि हाल्मस्टाड, वारबेरी अशा गावांशी डावीकडे समुद्र दिसत राहतो, त्या समुद्राचं नाव कात्तेगात. ऐकून मी सरसावून बसले. नाव डच खलाशांचं, कात म्हणजे मांजर आणि गात म्हणजे भोक. उथळ जागा चुकवत जहाज काढायचं तर वाट इतकी चिंचोळी की मांजरालाही घुसायला जड जाईल, म्हणून मांजराचं भोक. एवढा मोठा निळा समुद्र आणि नाव हे!

त्या प्रवासात मी फोनवर वाचत बसले आणि वाचता वाचता गुंतत गेले. बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं की कत्त हा शब्द उत्तरेचा नाहीच, तो मांजराबरोबर दक्षिणेतून आला. लॅटिनमध्ये आधी मांजराला फेलेस म्हणायचे, नंतरच्या काळात कात्तुस हा शब्द दिसायला लागतो, चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास पलाडियस नावाचा शेतीवर लिहिणारा माणूस सांगतो की भाजीच्या वाफ्यात चिचुंदरीसारखे बीळ करणारे प्राणी त्रास देत असतील तर कात्तुस पाळा. तो लॅटिनमध्ये कुठून आला तर बोट आफ्रिकेकडे दाखवतात, न्युबियन भाषेत कदीस आहे, अरबीत कित्त आहे. २०१७ साली मांजरांच्या प्राचीन डीएनएवर मोठा अभ्यास आला, त्यात बाल्टिकच्या काठावर राल्सविक नावाच्या व्हायकिंग काळातल्या बंदरात इजिप्तकडच्या वंशाचं मांजर सापडलंय. जहाजांवर उंदीर, म्हणून जहाजांवर मांजर, आणि मांजर गेलं तिथे त्याचं नाव.

पण सगळ्यांना हे पटत नाही. काहीजण म्हणतात उलटं, शब्द उत्तरेचाच असेल. सामी भाषेत, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या अगदी उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांच्या भाषेत, गाद्फी असा एक शब्द आहे, अर्थ एर्मिनची मादी. एर्मिन म्हणजे तो मुंगसासारखा लांबुळका प्राणी, हिवाळ्यात पांढरा होतो. म्हणजे आधी रानातल्या एखाद्या केसाळ प्राण्याचं नाव असेल आणि घरचं मांजर आल्यावर त्याला चिकटलं असेल. मला वाटलं, हे जरा ओढून ताणून आहे. रेक्याविकला जाईपर्यंत तरी वाटलं.

ऑस्लोबद्दल थोडक्यातच, कारण पाऊस होता आणि व्हायकिंग जहाजांचं म्युझियम २०२२ पासून कामासाठी बंद आहे. मला तिथला ओसेबेर्गचा, म्हणजे त्या नावाच्या व्हायकिंग जहाजात सापडलेला, लाकडी रथ बघायचा होता, त्याच्या मागच्या फळीवर मांजरं कोरलेली आहेत आणि ती व्हायकिंगांच्या फ्रेया देवीशी जोडतात, कारण फ्रेयाचा रथ दोन मांजरं ओढतात. (आपल्याकडे षष्ठीदेवीचं वाहन मांजर, बघा.) नाही बघायला मिळाला. ज्या बाईंकडे उतरले होते त्यांची मांजर मात्र दिवसभर बघितली, नाव नाही, फक्त पूस. नॉर्वेत लाडाने पूस म्हणतात, हाक पण पूस पूस. आणि ती घुरघुरायला लागली तेव्हा मी शायनिंग मारत म्हटलं, स्पिनर! बाई म्हणाल्या, छे, आमची मालेर. मालेर म्हणजे दळते. मी थबकलेच, कारण आजीच्या घरी पहाटे जात्याची घरघर ऐकलीये मी, तो अगदी तोच आवाज. स्वीडन-डेन्मार्कमध्ये मांजर सूत कातते, नॉर्वेत दळण दळते, पुढे आइसलँडमध्येही दळतेच. मला विचाराल तर दळणवाले बरोबर आहेत.

अजून एक गंमत बाईंनीच सांगितली. न बघता वस्तू घेतली तर डॅनिश आणि नॉर्वेजियन माणूस म्हणतो पोत्यातलं मांजर घेतलं, स्वीडिश माणूस मात्र पोत्यातलं डुक्कर घेतो.

आता रेक्याविक. तिथे १९२४ ते १९८४ कुत्रा पाळायला बंदी होती, साठ वर्षं! त्यामुळे गाव मांजरांचं झालं, खिडकीत मांजर, पत्र्याच्या रंगीत घरांच्या पायरीवर मांजर. आणि भाषा अशी की हजार वर्षांपूर्वीची जवळजवळ तशीच. मांजर म्हणजे कॉत्तुर, त च्या आधी ह चा हलका उसासा टाकायचा. पण वाक्यात घातलं की वितळतं, मांजर आलं तर कॉत्तुर, मांजर बघितलं तर कॉत्त, मांजराला दिलं तर क्येत्ती, मांजराचं शेपूट म्हटलं तर कत्तार. पूर्वी शब्दाच्या शेवटी उ होता तिथे आधीचा अ गोल झाला, इ होता तिथे ए झाला, कॉत्त मधला तो शेवटचा उ गळून गेला तरी त्याची सावली राहिली. इंग्रजी बोलणारे टूरिस्ट डोकं धरतात, पण मूलचं मुलाला आणि पाऊलचं पावलाला करणाऱ्यांनी कशाला घाबरायचं?

आणि आपल्यासारखेच नर-मादीला अस्सल वेगळे शब्द. आपला बोका तसा त्यांचा फ्रेस्स किंवा होग्नी, आपली भाटी तशी त्यांची लाइदा, जो दबकत चालणे या क्रियापदाजवळचा शब्द आहे. लाडाने किसा. आणि एर्मिनला म्हणतात ह्रेयसिकॉत्तुर, म्हणजे दगडांच्या ढिगातलं मांजर! जुन्या नॉर्समध्येही, म्हणजे व्हायकिंग काळातल्या भाषेतही, हाच शब्द. ते वाचलं आणि सामी वाल्या थिअरीला मी मनातल्या मनात सॉरी म्हटलं. सिद्ध होत नाही त्याने काही, पण केसाळ चपळ प्राण्याला मांजर म्हणायची सवय तिकडे जुनी आहे हे खरं.

नाताळचं पण एक मांजर आहे त्यांचं, योलाकॉत्तुर, घराएवढं, नाताळला नवीन कपडे न मिळालेल्यांना खातं. दिवाळीला जुना फ्रॉक घालायची मुभा नाही थोडक्यात.

शेवटच्या संध्याकाळी, म्हणजे रात्रीचे दहा पण लख्ख ऊन, एका गल्लीत काळंपांढरं मांजर भिंतीवर बसलं होतं. मी कॉत्तुर म्हणून बघितलं, किस किस केलं, पूस पूस केलं, शेवटी आजूबाजूला कोणी नाही बघून मने, ये ये, असंही केलं. बाईसाहेब डोळे मिटून बसून. मग मी पिशवीतून सुक्या माशाचं पाकीट काढलं, हार्दफिस्कुर म्हणतात, वास थेट आपल्या सुक्या बोंबलाच्या गल्लीतला, तशी ती टुणकन उडी मारून आली आणि अर्धं पाकीट संपवूनच गेली. उरलेलं अर्धं मी मुंबईपर्यंत आणलं, विमानात शेजारच्या गृहस्थांनी दोनदा सीट बदलून मागितली.