दर 11 सेकंदांनी येणारे टोक

संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी हवामान-फुग्यांवरून मिळालेल्या तापमानाच्या नोंदी तपासण्याचे काम माझ्याकडे आले. रबरी फुगा सेकंदाला साधारण 5 मीटर वेगाने चढतो, त्याखाली 30 मीटर दोरीवर रेडिओसोंडची, म्हणजे मोजमापे रेडिओने जमिनीवर पाठवणाऱ्या उपकरणाची, पेटी लोंबकळत असते आणि पेटीतून बाहेर काढलेल्या पट्टीच्या टोकाशी केसासारखा बारीक तापमापक असतो. 20 किलोमीटरपर्यंत माझा आलेख स्वच्छ होता. त्याच्या वर मात्र दुपारच्या उड्डाणांत रेषेवर उष्णतेची टोके उभी राहू लागली, काही अर्ध्या अंशाएवढी.

पहिला संशय तापमापकावर गेला आणि दुसरा बॅटरीच्या उबेवर. दोन्ही तपासले, तरी टोके तशीच राहिली. तेव्हा सरासरी काढून रेषा गुळगुळीत करावी असे मी जवळजवळ ठरवले होते. पण टोके एकाच दिशेची असतील तर सरासरीने ती जात नाहीत, त्यांची उष्णता सगळ्या रेषेत पसरते, हे माझ्या मार्गदर्शिकांनी लक्षात आणून दिले. "आधी दोन टोकांमधलं अंतर मोज," असे त्या म्हणाल्या.

मी मोजले: 11 सेकंद, 11, 12, 10, पुन्हा 11. वहीच्या कडेला लंबकाचे शाळेतले सूत्र मांडले, तर 30 मीटर दोरीचा आवर्तनकाळही जवळजवळ 11 सेकंदच आला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

चढता फुगा हवा बाजूला सारतो आणि आपल्यामागे खळबळलेल्या हवेची शेपटी सोडतो, जिला आम्ही 'वेक' म्हणतो. उन्हात तापलेल्या रबराला घासून आलेली ही हवा भोवतालच्या हवेपेक्षा उबदार असते. फुगा आणि पेटी यांच्या पातळीवरील वाऱ्यांत थोडा फरक असला की पेटी फुग्याच्या अगदी खाली न राहता एका बाजूला सरकते, आणि म्हणून प्रत्येक झोक्यात ती एकदाच त्या शेपटीत शिरून बाहेर येते. वर हा दोष वाढतो, कारण 30 किलोमीटरवर हवेची घनता जमिनीलगतच्या दीड टक्क्याएवढीच उरते, उन्हाने तापलेल्या रबराची उष्णता ती फार थोडी वाहून नेते, आणि फुगाही तोवर कित्येक मीटर रुंद झालेला असतो.

खात्रीसाठी आम्ही रात्री उड्डाण केले. टोके आली, पण उलटी, थंडीची. फुग्यातील वायू चढताना प्रसरण पावून थंड होतो आणि उन्हाअभावी रबरही थंडच राहते. येथे मला तेसरँ द बोर या फ्रेंच शास्त्रज्ञांची आठवण होते. वर गेल्यावर तापमान घटायचे थांबते असे फुगे सांगू लागले, तेव्हा हा उन्हाचा परिणाम तर नाही ना, या शंकेने त्यांनी पुष्कळ फुगे रात्री सोडले, आणि मगच 1902 साली, 200हून अधिक उड्डाणांनंतर, ज्याला आपण आज स्थितांबर म्हणतो त्या थराची घोषणा केली. इतकी चिकाटी मला फार मोलाची वाटते.

पुढच्या उड्डाणात दोरी 60 मीटर केली. टोके 15 ते 16 सेकंदांवर सरकली, सूत्राप्रमाणेच, आणि निम्म्याहून लहान झाली.

आर्द्रतेचे प्रकरण अधिक अवघड होते. स्थितांबरात दहा लाख रेणूंमागे पाण्याचे जेमतेम चार-पाच रेणू असतात. पावसाळ्यात ढगांतून गेलेला फुगा, दोरी आणि सेन्सरच्या नळीची आतली भिंत यांना लागलेले पाणी व बर्फ वर हळूहळू उडत राहते आणि तीच वाफ मापकावरून वाहते. माझ्या आलेखात 25 किलोमीटरच्या वर ओलावा वाढतच गेला होता, आणि तो आकाशाचा नव्हता. दोरी कितीही लांब केली तरी एवढ्या कोरड्या हवेत ही वाफ पुरेशी पातळ होत नाही.

शेवटी फुग्याच्या तोंडाशी झडप बसवली. ठरावीक दाबाला ती उघडली, थोडा वायू सुटला आणि फुगा न फुटता चढाईच्याच वेगाने खाली येऊ लागला. आता पेटी पुढे होती आणि फुगा मागे. संगणकासमोर आम्ही तिघे उभे होतो. 26 किलोमीटरवर चढताना दहा लाखांमागे पाण्याचे 38 रेणू दाखवणारा आकडा उतरताना 5 वर आला, आणि खाली 18 किलोमीटरपर्यंत तो फारसा हलला नाही.